केर-फरशीच्या कॅलरी कोणत्या रकान्यात?

पत्र, थोडक्यात: ‘वय ४१, उंची १५८ सेंटिमीटर, वजन ६८ किलो. नोकरी बैठी आहे, पण घरातलं सगळं मी स्वतः करते. पाच-सहा किलो कमी करायचे म्हणून ॲपवर खाण्याची नोंद सुरू केली. ॲपमध्ये ‘हलकी हालचाल’ हा पर्याय निवडला, तेव्हा रोजच्या १,३९० कॅलरी ठरवून मिळाल्या. शिवाय केर-फरशी पाऊण तास, स्वयंपाक दीड तास, भांडी अर्धा तास आणि कामावर जाता-येता मिळून ३५ मिनिटं चालणं हे सगळं मी ‘व्यायाम’ म्हणून टाकते. त्याच्या ५७०च्या आसपास कॅलरी ॲप वाढवून देतं आणि मी तेवढं खाते. दहा आठवडे झाले, काटा जिथल्या तिथे. जिमला जाणारी धाकटी बहीण म्हणते, “घरकाम म्हणजे काही व्यायाम नव्हे, ते धरूच नकोस.” दिवसभर राबल्यावर हे ऐकलं की संताप येतो. शरीर झिजतं ते झिजतंच ना? मग धरायचं की नाही?’

---

शरीर झिजतंच. त्याबद्दल वाद घालायचं कारण नाही. तरी ॲपच्या व्यायामाच्या रकान्यात ते लिहू नका, असंच मीही सांगणार आहे. फक्त माझं कारण बहिणीपेक्षा वेगळं आहे. ती म्हणते, घरकाम मोजण्याच्या लायकीचं नाही. मी म्हणते, ते एकदा मोजून झालंय आणि तुम्ही ते परत मोजताय.

तुम्ही ‘हलकी हालचाल’ निवडलीत त्या क्षणी काय झालं, ते आधी बघू. वजन, उंची आणि वय यांवरून ॲप पहिल्यांदा नुसतं पडून राहायला लागणारा खर्च काढतं, म्हणजे बीएमआर. त्यासाठी बहुतेक ठिकाणी १९९० साली प्रसिद्ध झालेलं मिफ्लिन-सेंट जॉर सूत्र वापरतात: वजनाची दहापट, अधिक सेंटिमीटरमधल्या उंचीची ६.२५ पट, उणे वयाची पाचपट, आणि शेवटी बायकांसाठी उणे १६१ (पुरुषांसाठी अधिक ५). तुमच्या बाबतीत ते १,३०० येतं. मग त्याला हालचालीचा गुणक लावतात. दिवसभर बसून असणाऱ्याला १.२, हलक्या हालचालीला १.३७५, मध्यमला १.५५, कष्टाच्या कामाला १.७२५. तुमचे १,३०० गुणिले १.३७५ म्हणजे जवळपास १,७९०. त्यातून ४०० वजा करून ॲपने १,३९० दिले.

तुम्ही ‘बैठं’ निवडलं असतंत, तर हाच हिशोब १,५६० वरून सुरू झाला असता. म्हणजे ‘हलकी हालचाल’ म्हटल्याबरोबर रोजच्या २३० कॅलरी तुमच्या खात्यात आल्या. त्या कशाबद्दल? केर-फरशी, उभं राहून केलेला स्वयंपाक, जिने, येणं-जाणं यांबद्दलच. त्यानंतर तीच कामं एकेक करून व्यायामात टाकणं म्हणजे पगारात धरलेला भत्ता पुन्हा वेगळा मागण्यासारखं आहे.

दुसरी गळती जरा छुपी आहे. ५७० हा आकडा येतो कुठून? प्रत्येक कामाला ‘मेट’ नावाचं एक माप असतं. स्वस्थ बसलेलं शरीर म्हणजे १ मेट, आणि १ मेट म्हणजे ढोबळमानाने दर किलो वजनामागे तासाला १ कॅलरी. (इथे कॅलरी म्हणजे किलोकॅलरी, बोलताना सगळेच नुसतं कॅलरी म्हणतात.) शेकडो कामांची मेटमूल्यं ‘कम्पेंडियम ऑफ फिजिकल ॲक्टिव्हिटीज’ या यादीत आहेत. ही यादी १९९३ साली पहिल्यांदा निघाली आणि तेव्हापासून अनेकदा सुधारली गेली. केर-फरशीला साधारण ३.३, स्वयंपाकाला २, उभ्याने भांडी घासायला १.८, बेताच्या चालीने चालायला ३.५.

आता केर-फरशीचा पाऊण तास घ्या. ३.३ गुणिले ६८ गुणिले ०.७५ म्हणजे १६८ कॅलरी. ॲप हाच आकडा दाखवतं. पण तो पाऊण तास तुम्ही खुर्चीत बसून काढला असतात, तरी ५१ कॅलरी गेल्याच असत्या, आणि त्या ५१ बीएमआरमध्ये आधीच आहेत. म्हणजे कामाने वाढवलेला खर्च ११७. स्वयंपाकात हा फरक फारच डोळ्यात भरतो. दीड तासाचे २०४ दिसतात, त्यातले १०२ नुसते जिवंत असण्याचे. भांड्यांचे ६१, त्यातले खरे २७. चालण्याचे १३९, त्यातले खरे ९९. सगळी बेरीज केली तर ५७० मधले ३४५ उरतात, आणि त्यातले २३० गुणकाने आधीच दिलेले आहेत. भांडण उरलं ते ११५ कॅलरींवर, तेही कागदावरचं. एवढा फरक तर खाण्याच्या नोंदीत कुणाच्याही सहज होतो. एक मोठा चमचा तेल म्हणजेच सुमारे १२० कॅलरी.

हळू आणि लांबलेली कामं व्यायामात टाकणं सगळ्यात फसवं असतं, ते यामुळेच. वेग कमी आणि वेळ जास्त असला की आकड्यातला मोठा हिस्सा बसल्याजागी होणाऱ्या खर्चाचाच निघतो. अर्धा तास पळणाऱ्याच्या नोंदीत ही चूक सातव्या हिश्शाएवढी असते. स्वयंपाकात ती निम्मी असते.

इथवरचं सगळं सूत्रांचं गणित झालं, आणि सूत्रं सरासरी माणसासाठी असतात. तुमच्याकडे त्याहून चांगली गोष्ट आहे आणि पत्रात तुम्ही ती ओझरती सांगून पुढे गेलात: दहा आठवडे वजन हललं नाही. तुम्हाला हे अपयश वाटतंय. मला ते मोजमाप वाटतं. १,३९० अधिक ५७० म्हणजे १,९६०. तुमच्या नोंदीप्रमाणे रोज १,९६० कॅलरी खाऊन वजन जिथल्या तिथे राहतं. याचा अर्थ तुमच्या नोंदींच्या हिशोबात तुमचा दिवसाचा खर्च १,९६० आहे, केर-फरशी, स्वयंपाक, भांडी, चालणं, नोकरी, झोप सगळं धरून. शरीराने सगळं मोजलंय, काहीच सोडलेलं नाही. आणि हा आकडा सूत्राच्या १,७९०पेक्षा मोठाच आहे.

‘नोंदींच्या हिशोबात’ हे शब्द मी मुद्दाम घातलेत. खाण्याची नोंद कुणाचीच अचूक नसते. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये १९९२ साली एक अभ्यास आला होता. कमी खाऊनही वजन उतरत नाही असं सांगणाऱ्यांनी प्रत्यक्ष किती खाल्लं, हे त्यात तपासलं. त्यांनी स्वतःचं खाणं सरासरी ४७ टक्के कमी नोंदवलं होतं आणि हालचाल ५१ टक्के जास्त. खोटं बोलण्याचा यात काही संबंध नाही. अंदाज तसाच चुकतो. म्हणून तुमचे नोंदीतले १,९६० प्रत्यक्षात २,१००ही असतील. पण चूक रोज सारखीच होत असेल, तर तिने काही बिघडत नाही. नोंदीतले ३५० कमी केले की प्रत्यक्षातलेही तेवढेच, किंवा किंचित जास्तच, कमी होतात.

तेव्हा करायचं ते असं. व्यायामाचा रकाना बंद करा. रोजचं लक्ष्य १,६०० ठेवा, म्हणजे १,९६० मधून ३५०च्या आसपास वजा. तेवढंच खा, मग त्या दिवशी फरशी पुसलेली असो वा नसो. १,३९०वर जायची गरज नाही. तिथे तुम्ही टिकणार नाही आणि टिकायचं कारणही नाही. बहिणीचं ऐकून ५७० एकदम काढून टाकले असतेत तर तिथेच जाऊन पोचला असतात, आणि बहुधा तीन आठवड्यांत ॲपच पुसून टाकलं असतंत. बऱ्याच ॲपमध्ये ठरलेलं लक्ष्य हाताने बदलता येतं. येत नसेल तर व्यायामाच्या कॅलरी लक्ष्यात मिळवायच्या की नाही, अशी कळ सेटिंगमध्ये शोधा आणि ती बंद करा.

नोंद मात्र आत्तापर्यंत जशी ठेवत होतात तशीच ठेवा. लोक नेमके इथे घसरतात. नवा निश्चय केला की पहिल्यांदा तराजू आणतात, चमचा-चमचा मोजायला लागतात. मोजणं चांगलंच आहे, पण मोजण्याची पद्धत बदलली की जुना १,९६० हा आकडा कामाचा राहत नाही. पूर्वी न धरलेलं तेल आता धरलं, तर १,६००मध्ये पोटात जाणारं खाणं अचानक फारच कमी होईल. तराजू आणायचाच असेल तर आधी पाच आठवडे नेहमीसारखं खाऊन, तराजूने मोजून, नवा आकडा काढा.

तो काढायची पद्धत सोपी आहे, आणि ज्यांच्याकडे दहा आठवड्यांची नोंद नाही त्यांनीही हेच करावं. रोज सकाळी शौचाहून आल्यावर, काही खाण्यापिण्याआधी वजन घ्या. एका दिवसाच्या आकड्याकडे बघू नका, सात दिवसांची सरासरी काढा. पाच आठवडे खाल्लेलं सगळं लिहा. सुट्टीचे दिवस, बाहेर खाल्लेले दिवस, लिहायचं राहून गेलेले दिवसही अंदाजाने भरा. राहून गेलेला दिवस हा बहुतेक वेळा जास्त खाल्लेला दिवस असतो, म्हणून तो गाळला की सरासरी खोटी पडते. मग पहिल्या आणि शेवटच्या आठवड्याच्या सरासरी वजनातला फरक किलोत घ्या, त्याला ७,७०० ने गुणा (एक किलो चरबीचा हा ढोबळ हिशोब) आणि दोन सरासऱ्यांच्या मधल्या दिवसांनी भागा. वजन घटलं असेल तर हा आकडा रोजच्या सरासरी खाण्यात मिळवा, वाढलं असेल तर वजा करा. समजा रोज सरासरी १,८५० खाल्लं आणि पहिल्या आठवड्यापासून पाचव्या आठवड्यापर्यंत, म्हणजे २८ दिवसांत, ०.४ किलो उतरलं. ०.४ गुणिले ७,७०० म्हणजे ३,०८०. २८ ने भागले की ११०. म्हणजे त्या माणसाचा दिवसाचा खर्च १,९६०.

पाळी येणाऱ्या बायकांनी एक पथ्य पाळावंच. पाळीच्या आगेमागे अंगात पाणी साठून वजन एक-दोन किलोंनी सहज वर जातं. म्हणून एका चक्रातल्या आठवड्याची तुलना पुढच्या चक्रातल्या त्याच आठवड्याशी करा. हे न केल्यामुळे कितीतरी जणी व्यवस्थित चाललेली योजना ‘काहीच होत नाहीये’ म्हणून मोडतात. खारट खाणं, बद्धकोष्ठता, नव्याने सुरू केलेला व्यायाम यांनीही काटा काही दिवस वर अडकून राहतो.

रोज ३५०ची तूट म्हणजे महिन्याला कागदावर सव्वा किलोच्या आसपास. प्रत्यक्षात एक किलो धरून चाला. एक पूर्ण चक्र झाल्यावर सरासरी अर्धा किलोही उतरली नसेल तर लक्ष्य आणखी १०० ने खाली घ्या, त्याहून जास्त नको.

हे खाली घ्यावं लागतं याला कारण आहे, आणि ते तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडलेलं आहे. रोजची बारीकसारीक हालचाल ही काही स्थिर रक्कम नसते. १९९९ साली ‘सायन्स’मध्ये जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग आला. १६ जणांना आठ आठवडे रोज गरजेपेक्षा १,००० कॅलरी जास्त खायला घातल्या. कुणाची चरबी अर्ध्या किलोहूनही कमी वाढली, तर कुणाची चार किलोंहून जास्त. हा फरक बराचसा ठरला तो व्यायामाव्यतिरिक्तच्या हालचालींवर: काहींचं उठणं-बसणं, चुळबुळ, उभं राहणं आपोआप वाढलं, काहींचं वाढलं नाही. उलट दिशेनेही असंच होतं. खाणं कमी केलं की माणूस नकळत मंदावतो. एका फेरीत दोन कामं उरकतो, उभ्याने बोलायचा तो बसून बोलतो, जिन्याऐवजी लिफ्ट घेतो. व्यायाम करून आलेला माणूस उरलेला दिवस लोळून काढतो, हा त्याचाच एक प्रकार. ॲपला यातलं काही दिसत नाही. त्याच्या लेखी तुम्ही सोमवारी ‘हलकी हालचाल’ होतात आणि शुक्रवारीही तेच आहात.

मग ज्या हालचाली तुम्ही कॅलरीत मोजायच्या थांबवणार आहात, त्यांच्यावर दुसऱ्या मापाने लक्ष ठेवा. पावलं मोजा, पण त्याचं खाण्यात रूपांतर करू नका. आत्ताच्या दोन आठवड्यांची रोजची सरासरी काढून ठेवा. ती सात हजार असेल तर सात हजार. खाणं कमी केल्यावर ती पाच हजारांवर आली, तर ते अंग मंदावल्याचं लक्षण समजा आणि पुन्हा वर न्या. दहा हजारांचा धोशा लावून घ्यायची गरज नाही. तो आकडा १९६५च्या सुमारास जपानमध्ये विक्रीला आलेल्या एका पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला, वैद्यकातून नाही.

पावलांच्या कॅलरी किती, असं विचारालच. सपाटीवर चालताना, बसल्याजागचा खर्च वजा जाता, दर किलो वजनाला दर किलोमीटरमागे साधारण अर्धी कॅलरी. तुमच्या ६८ किलोंना एक किलोमीटरला ३४. हजार पावलं म्हणजे साधारण पाऊण किलोमीटर, म्हणजे पंचविसेक कॅलरी. जिन्याचा एक मजला चढायला दोन-तीन. हे आकडे एकदा डोक्यात बसले, की मनगटावरच्या बँडने संध्याकाळी दाखवलेल्या भरघोस आकड्याकडे बघून भूक लागत नाही.

तुमच्याकडे बँड आहे की नाही ते पत्रात नाही, पण असा प्रश्न पडणाऱ्या निम्म्या वाचकांच्या मनगटावर तो असतोच. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या गटाने २०१७ साली मनगटावरची सात उपकरणं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी चांगले मोजले. कॅलरींच्या बाबतीत मात्र सगळ्यात बरं उपकरणही सरासरी २७ टक्क्यांनी चुकत होतं आणि सगळ्यात वाईट ९३ टक्क्यांनी. घरकामात तर मनगटाची हालचाल विचित्रच असते. फरशी घासताना हात पुढे-मागे होतो तो पावलं म्हणून धरला जातो, आणि सामानाची ढकलगाडी धरून तासभर चाललात तर हात स्थिर म्हणून पावलं गायब. त्यात बँड ॲपला जोडलेला, ‘हलकी हालचाल’ही निवडलेली आणि वर हाताने ‘केर-फरशी ४५ मिनिटं’ टाकलेलं, म्हणजे एकच काम तीनदा जमा. बँड जोडूनच ठेवायचा असेल तर ॲपमध्ये ‘बैठं’ निवडा आणि हाताने काहीही टाकू नका. उणे दुरुस्तीची सोय असेल तर तीही चालू करा, म्हणजे आळसाच्या दिवशी ॲप कॅलरी कमीही करेल. ज्याला नुसती वाढ करायची परवानगी दिलीय, ते मोजमाप एकाच बाजूला चुकत राहणार.

एवढं सगळं असूनही काही दिवस खरोखर वेगळे असतात. घर बदलायचं म्हणून चार तास खोकी उचलली, वर्षाकाठची साफसफाई काढली, दिवसभर डोंगर चढलात. आठवड्यातून चार-पाच दिवस होतं ते पायाभूत खर्चात गेलं. महिन्यातून एखाद्या वेळी होतं, अर्ध्या तासाहून जास्त चालतं आणि ज्यात धाप लागते, ते धरायला हरकत नाही. धरताना मेटमधून १ वजा करा, वजनाने आणि तासांनी गुणा, आणि येईल त्याच्या निम्मं खा. चार तासांपैकी किती वेळ खोकी हातात होती आणि किती वेळ ‘हे ठेवू की टाकू’ यात गेला, ते तुम्हालाच माहीत. म्हणून निम्मं. आणि भूकच लागली नाही तर ते खायलाच हवं असंही नाही.

आता बहिणीच्या वाक्यातला टोचणारा भाग. घरकाम हा व्यायाम आहे का? कॅलरींचा मुद्दा बाजूला ठेवून हा वेगळा विचारायला हवा, कारण त्याचं उत्तर वेगळं आहे.

हृदयासाठी आणि एकूण तब्येतीसाठी रोजची हालचाल नक्की मोजली जाते. लंडनच्या दुमजली बसवर जेरी मॉरिस यांनी केलेला अभ्यास १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांमध्ये हृदयविकार कमी आढळला. कंडक्टर काही जिमला जात नव्हते, ते कामावर होते. (ड्रायव्हर मुळातच जाड होते का, हा प्रश्न पुढे निघाला आणि मॉरिस यांनी गणवेशांच्या मापांवरून त्याचाही शोध घेतला.) जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराची. सलग दहा मिनिटं तरी हवीत ही जुनी अट त्यांनी काढून टाकली. घरकामही त्यात धरलेलं आहे.

पण कोणतं घरकाम? मध्यम श्रम म्हणजे ३ ते ६ मेट. केर-फरशी त्यात बसते, झपझप चालणं बसतं, ओझं घेऊन जिने चढणं तर त्याच्याही वर जाऊ शकतं. स्वयंपाक, भांडी, इस्त्री बसत नाहीत. त्यात पाय दुखतात, कंबर धरते, पण श्वास वाढत नाही. थकवा आणि श्रमाची पातळी या दोन गोष्टी एक नाहीत, आणि दिवसभर राबून मोडून आलेल्या माणसाला हे पटणं जड जातं, याची कल्पना आहे. ओळखायची खूण अशी: काम करताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, तर ते मध्यम. निवांत गाणं म्हणता येत असेल तर हलकं. या मापाने तुमची केर-फरशी आणि चालणं मिळून आठवड्याच्या १५० मिनिटांच्या पुढे बहुधा आरामात जातात. बहिणीला हे सांगायला हरकत नाही.

घरकामात नसतं ते वाढतं ओझं. फरशी तेवढीच, बादली तेवढीच, मजले तेवढेच. शरीर पहिल्या काही महिन्यांत त्याला सरावतं, आणि नंतर स्नायूंना आणखी बळकट व्हायचं काही कारणच उरत नाही. चाळिशीनंतर स्नायू आणि हाडं हळूहळू उतरणीला लागतात, आणि खाणं कमी करून वजन उतरवताना चरबीबरोबर थोडे स्नायूही जातात. ते वाचवायला वजनाचा किंवा ताकदीचा व्यायाम लागतो. त्याच मार्गदर्शनात आठवड्याला किमान दोन दिवस तो सांगितलाय, आणि तो केर-फरशीने भरून निघत नाही. इथे बहिणीचं म्हणणं खरं आहे.

जिम लागत नाही. दोन दिवस, पंचवीस-पंचवीस मिनिटं. खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला आणि पुढे ओट्याला हात लावून दंड, पुस्तकांनी भरलेली पिशवी कमरेत वाकून पोटाकडे ओढणं, पायरीच्या कडेवर टाचा उचलणं. प्रत्येकाचे ८ ते १२ वेळा असे दोन-तीन संच, मधे मिनिटभर विश्रांती. आणखी दोनच जमतील असं वाटलं की थांबायचं. बारा सहज व्हायला लागले की पिशवीत एक पुस्तक वाढवायचं, खुर्चीऐवजी स्टूल घ्यायचं, उठता-बसताना वेग कमी करायचा. हे वाढवणं गाळलं तर तेही घरकामच झालं. पिशवी ओढताना पाठ गोल होत असेल तर ओझं जास्त आहे. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा.

या पंचवीस मिनिटांच्या वाढीव कॅलरी? सत्तरच्या आसपास. ज्या व्यायामाची तुम्हाला सगळ्यात जास्त गरज आहे, तो ॲपमध्ये टाकायच्याही लायकीचा दिसत नाही. तोही टाकू नका. व्यायाम करून खाणं कमवायचं असतं, ही समजूत ॲपच्या मांडणीने आपल्या गळी उतरवली आहे. त्या समजुतीपायीच हलकी पण लांबलेली कामं मोठी वाटतात आणि थोडक्या वेळाचा कस लावणारा व्यायाम क्षुल्लक.

ज्यांचं कामच कष्टाचं आहे, म्हणजे बांधकाम, शेती, गोदाम, रुग्णालयात दिवसभर पायांवर असणं, त्यांनी हे वाचून ‘बैठं’ निवडू नये. त्यांना १.५५ किंवा १.७२५ हाच गुणक योग्य, आणि कामाच्या दिवसांपेक्षा सुट्टीचा दिवस फारच वेगळा जात असेल तर आठवड्याची सरासरी धरावी. गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या बायकांनी, इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि खाण्याच्या आकड्यांचा पूर्वी कधी ध्यास लागलेल्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय तूट ठेवू नये. शेवटच्या गटाने तर मोजूच नये, हे माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्यासाठी आणखी एक नोंद. तीन किलो उतरले की १,९६० हा आकडा जुना झाला. हलकं शरीर केर काढायलाही कमी खर्च करतं, आणि बीएमआरही दर किलोमागे दहाने घटतो. तेव्हा मागच्या पाच आठवड्यांच्या नोंदी घेऊन वरचं गणित पुन्हा करा आणि नव्या आकड्यातून ३००च वजा करा. पाच किलो झाल्यावर तूट एकदम न काढता दर आठवड्याला शंभर-शंभर वाढवत वर या. पहिल्या आठवड्यात काटा अर्धा-एक किलो वर जाईल. ते बहुतेक पाणी असतं, त्याला घाबरून पुन्हा केर-फरशी व्यायामात टाकायला लागू नका.